शिल्पकाम : नाही

जुन्या छापखान्याच्या दर्शनी भिंतीवरचे जाहिरातींचे पत्रे उतरवत होते आणि एकेका पत्र्यामागून माणसं निघत होती. दगडाची माणसं. बस सिग्नलला अडली होती, ती खिडकीशी बसली होती, मांडीवर डबा, डोक्यात घरून निघताना गॅस बंद केला की नाही याची रोजची कटकट. आणि समोर गंजलेला पत्रा करकरत खाली आला, त्याच्या मागे एक बाई कागदाला घडी घालत बसलेली. पुढचा पत्रा आला. त्यामागे दोन पुरुष, एक वाकून छपाईचे खिळे जुळवतोय, दुसरा शाईचा रूळ फिरवतोय. त्याच्या एका बोटाला चिंधी बांधलेली. दगडातली चिंधी, तिची गाठसुद्धा दिसत होती. वा, किती सुंदर, असलं काही मनात आलंच नाही. ते पुष्कळ नंतर आलं. आधी आलं ते एवढंच की ही भिंत आपण पाहिलीय. नाही, पाहिलेली नाही. पाहिलीय असं लिहिलंय. ती उठली, लोकांच्या पायांवर पाय देत दाराशी गेली आणि उतरली. "अहो ताई, स्टॉप नाही हा!" कंडक्टर ओरडला, तोवर ती रस्त्याच्या मधोमध पोचली होती आणि डबा सीटवर बसून पुढं निघून गेला होता.

ऑफिसात तिला पाठीमागे सगळे फूटपट्टी म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. सरळ, काटेकोर, आणि कुणी वेडंवाकडं काम केलं तर बोटांवर बसणारी. पालिकेच्या वारसा विभागात तिची एकतीस वर्षं झाली होती. त्यातली पहिली दोन गेली नोंदवही करण्यात. शहरातल्या जुन्या इमारती, पुतळे, कारंजी, कमानी, पुलाच्या कठड्यावरचे ते नाक झिजलेले दोन सिंह, असं सगळं मिळून तीनशे बारा नोंदी. पाच जणांनी पायी हिंडून केल्या होत्या, आणि त्या पाचांतली आता नोकरीत उरलेली ती एकटी. नोंदवहीचा नियम सोपा. इमारतीवर शिल्पकाम असेल तर पहिली श्रेणी, तिला कुणी हात लावायचा नाही. शिल्पकाम नसेल आणि बाकीही विशेष काही नसेल तर तिसरी श्रेणी. मालकाच्या मनात आलं तर त्यानं खुशाल पाडावी. एकतीस वर्षांत केवढे बिल्डर, केवढे वकील, केवढे नगरसेवक त्या वहीवर डोकं आपटून परत गेले होते. वहीत चूक नाही, हे शहराला पाठ झालं होतं. तिलाही.

फाटकावर परवानगीचा कागद चिकटवला होता. ती चष्मा पुसून पुढं झाली. तिचेच शब्द, टाइप केलेले. नोंद क्रमांक एकशे अठ्ठ्याऐंशी. दोन मजले, उतरतं कौलारू छप्पर. दर्शनी भाग : साधा गिलावा. शिल्पकाम : नाही. श्रेणी तीन. सबब इमारत पाडण्यास हरकत नाही. तिनं ते दोनदा वाचलं. मग मान वर केली. एव्हाना शेवटचा पत्रा उतरला होता आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा माणसं उघड्यावर आली होती, तोंडावर पन्नास-साठ वर्षांची धूळ घेऊन. कागद वाहणारा हमाल, दाबयंत्राचा दांडा ओढणारे दोघे, पुस्तकं शिवणारी म्हातारी, तोंडात दोरा धरलेली. आणि आठवा गडी काहीच करत नव्हता. तो जांभई देत होता. मालकाच्या खर्चानं, मालकाच्या इमारतीवर, भर रस्त्यात, कुणा शिल्पकारानं एक कामगार ऐन कामात जांभई देताना कोरून ठेवला होता, आणि मालकानं तो चालवून घेतला होता! तिला एकदम हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरून आले. आपण यांना 'नाही' म्हणालो. अकरा जणांना.

"बाई, बाजूला व्हा, डोक्यात काही पडलं तर मला निस्तरावं लागेल," पाडकामाचा मुकादम म्हणाला.

"कधी पाडणार?"

"परवा सकाळी यंत्र येतंय. आज पत्रे आणि लाकूड, उद्या काचा, लोखंड. परवा खलास."

"आणि ही माणसं?"

मुकादमानं वर पाहिलं, जणू कुणी कामगार वर चढलाय की काय. "ती होय? चांगली काढलीत हो. पण दगडच शेवटी. भरावात जातील." मग तिच्या गळ्यातलं पालिकेचं ओळखपत्र दिसल्यावर त्याचा सूर बदलला. "परवानगी आहे आमच्याकडं. तुमच्याच ऑफिसची."

तिथून ऑफिस चालत वीस मिनिटांवर. ती चालत गेली, आणि सबंध वीस मिनिटं तिला तो दिवस आठवत राहिला. आठवायला काही कष्ट पडले नाहीत, हेच वाईट होतं. एखादी गोष्ट आपण विसरलो असं म्हणायचं आणि ती मात्र घरातल्या घरात, कपाटाच्या वरच्या फळीवर, जशीच्या तशी. ऊन रणरणत होतं. ती सव्वीस वर्षांची होती, कापडी पिशवीत कोरे अर्ज, मोजपट्टी, पेन्सिली. विभागाचे तेव्हाचे प्रमुख म्हणजे मोठे सर, त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, ज्याचा प्रभाग आधी पुरा होईल त्याचं नाव वहीच्या पहिल्या पानावर पहिलं. शेजारचा प्रभाग लंबूकडं होता. लंबू म्हणजे तिचा जोडीदार, पायांनी उंच, कामाला उरकता. आदल्या दिवशी तो चहाच्या टपरीवर सहज म्हणाला होता, माझे नऊच राहिलेत. तिचे चौदा राहिले होते. त्या एका दिवसात तिनं तेरा केले. चौदावा छापखाना. छापखाना तेव्हाच बंद पडलेला, आत कुणाचं तरी गोदाम, आणि पहिल्या मजल्यापासून वळचणीपर्यंत सिनेमाच्या जाहिरातींचे पत्रे ठोकलेले. एक नट आणि एक नटी, दोघं मिळून अख्खी भिंत अडवून उभे. खाली खुर्ची टाकून राखणदार बसला होता. "त्याच्या मागं काही नाही हो बाई," तो म्हणाला, "साधा गिलावा. मी वीस वर्षं इथं बसतोय." शेजारच्या रंगाच्या दुकानाबाहेर भिंतीला शिडी टेकवलेली होती. लाकडी, उंच, बारा-चौदा पायऱ्यांची. तिनं ती पाहिली. मागितली असती तर दुकानदारानं दिली असती, पत्र्यांच्या कडेच्या फटीतून डोकावता आलं असतं, दहा मिनिटांचं काम. तिनं शिडीकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि पिशवीवर कागद ठेवून लिहिलं, शिल्पकाम : नाही. वळणदार अक्षरात. तिचं अक्षर फार चांगलं होतं.

आणि हे सगळं मोठ्या सरांनी घोकून घेतल्यावर! दिसलं ते लिहा, सर म्हणायचे. दिसलं नाही तर 'पाहता आलं नाही' असं लिहा, त्यात कमीपणा नाही, दुसरा कुणी जाऊन पाहील. पण 'नाही' लिहायचं तर आधी चारी बाजूंनी फिरा, वर चढा, आत जा, घाम गाळा. एकदा तुम्ही 'नाही' लिहिलंत की पुन्हा कुणी तिकडं फिरकणार नाही. प्रत्येक अर्जाच्या तळाशी सरांची सही असायची, 'स्वतः पाहून खातरजमा केली.' पाठीमागं हात बांधून, टोपी घालून, सर एकेका इमारतीपुढं जाऊन उभे राहात आणि मगच सही करत. त्या संध्याकाळी तिनं चौदा अर्जांचा गठ्ठा त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी वरचे चार-पाच चाळले, तिच्याकडं पाहिलं, म्हणाले, "तुझं आहे ना? मग मला बघायला जायला नको," आणि खुर्चीत बसल्या बसल्या सगळ्यांवर सह्या केल्या. तिला आयुष्यात कुणी एवढं मोठं काही दिलं नव्हतं. लग्नात नाही, लेक झाली तेव्हा नाही. पुढं कितीदा तरी, वकिलानं भर सभेत उलटतपासणी घेतली तेव्हा, सासूबाईंनी चार लोकांत नोकरीवरून टोमणे मारले तेव्हा, ती ते वाक्य मनात म्हणून घ्यायची. तुझं आहे ना. आता पदपथावरून चालताना ते वाक्य पुन्हा आलं.

ऑफिसात साहेब होते. साहेब तिच्या लेकीच्या वयाचे, हुशार, परीक्षा देऊन वर आलेले, आणि तिला जरा टरकून असायचे. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, शिडीचं तेवढं सोडून. साहेबांनी खुर्ची पुढं केली, ती बसली नाही.

"थांबा मॅडम, घाबरू नका. 'नव्यानं आढळलेला पुरावा' म्हणून प्रकरण करू. पत्रे निघाले, शिल्प दिसलं. कुणाची चूक नाही."

"त्याला नव्वद दिवसांची नोटीस लागते. परवा यंत्र येतंय."

नियम त्यांच्यापेक्षा तिला जास्त पाठ, हे दोघांनाही माहीत होतं. दुसरा रस्ता एकच होता, आणि एकतीस वर्षांत त्यावरून कुणी गेलं नव्हतं. पाहणी करणाऱ्यानं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं की ही नोंद मी न पाहता केली, ती खोटी आहे. मग काम त्याच दिवशी थांबतं.

"तुम्हाला कळतंय का, काय होईल?" साहेबांनी आवाज खाली आणला. "वकील टपून बसलेत. एक नोंद खोटी म्हटलं की तीनशे बाराच्या तीनशे बारा खोट्या म्हणतील. कमानीवाल्या मार्केटचा मालक उद्या सकाळी दारात उभा राहील. आणि खाली मोठ्या सरांची सही आहे, स्वतः पाहून म्हणून. शहाऐंशी वर्षांचा माणूस, त्यांना ओढायचं यात? चौकशी तुमच्यावर लागेल ती वेगळीच. सात महिने राहिलेत तुमचे. शिल्पं सुंदर असतील, मी नाही म्हणत नाही."

"मी म्हटलं ना नाही," ती म्हणाली. "तोच तर घोळ आहे. अर्ज द्या मला."

"उद्या अकरापर्यंत विचार करा. उद्या दिला तरी काम उद्याच थांबेल. एवढं माझं ऐका."

त्यात काही खोटं नव्हतं. आणि तिलाही सरांना आधी सांगायचं होतं. त्यांनी हे वर्तमानपत्रात वाचावं हे तिला सहन झालं नसतं. दुपारभर ती टेबलाशी बसून राहिली, डबा नव्हता, कुणीतरी बिस्किटं आणून दिली ती तशीच राहिली. हातातल्या नोंदवहीची पानं ती उलटत होती. कारंजं, क्रमांक बारा. न्यायालयाचा जिना, क्रमांक चाळीस. आंधळ्या वादकाचा पुतळा, क्रमांक त्र्याण्णव. त्याच्या मांडीवर बसून शाळेतली पोरं फोटो काढतात म्हणून गुडघा सोन्यासारखा चकाकतो, असं तिनंच लिहिलं होतं आणि सरांनी 'सोन्यासारखा' खोडून 'पितळेसारखा' केलं होतं. ही सगळी एका वहीच्या भरवशावर उभी होती. साहेब म्हणतात ते खरंच झालं तर? एका भिंतीपायी या सगळ्यांना उघड्यावर टाकायचं? तिनं स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि प्रत्येक वेळी तो जांभई देणारा गडी आड आला. त्याला भरावात टाकतील, त्याच्यावर रस्ता करतील, आणि आपण सात महिन्यांनी निरोपाच्या भाषणात बसून ऐकू, यांच्या कामात कधी चूक नाही. ऐकवेल? हात जोडून हसत बसता येईल? नाही. हे 'नाही' मात्र तिनं चारी बाजूंनी फिरून पाहिलं होतं.

सर चौथ्या मजल्यावर राहायचे, मुलगा-सुनेकडं. सुनेनं दार उघडलं, "या ताई, आज कसं काय मधल्याच दिवशी?" खिडकीशी सर बसले होते, मांडीवर शाल, हाताशी वहीची त्यांची प्रत, कातडी बांधणीची, कडा हाताळून काळ्या पडलेल्या. ती आली की ते एखादं पान उघडून विचारायचे, सांग, घंटाघराला पायऱ्या किती? आजही विचारलं. "चौसष्ट," ती म्हणाली, आणि त्याच श्वासात बाकीचं सांगून टाकलं. राखणदार, पत्रे, शिडी. लंबूचे नऊ अर्ज. काही हातचं राखलं नाही. सर ऐकत होते, मान हलवत नव्हते. सुनेनं चहा आणून ठेवला, दोघांचे चेहरे पाहिले आणि आवाज न करता आत गेली.

"कुणाला माहीत आहे हे?" सरांनी विचारलं.

"साहेबांना. मला."

"शिडीचं?"

"ते फक्त मला. आणि आता तुम्हाला."

"मग गप्प बस."

तिला वाटलं आपल्या ऐकण्यात काही गफलत झाली. "सर?"

"गप्प बस म्हणतोय. ती अकरा माणसं गेली तर वाईट होईल. मला वाईट वाटेल, तुला वाटेल. पण वही गेली तर गाव जाईल. अगं, भिंतींना कोण विचारतं? लोक वहीला घाबरतात! वहीत खोट नाही म्हणून घाबरतात. तू स्वतःच्या हातानं भोक पाडून देणार? एवढी अक्कल नाही तुला?"

"पण खोट आहे सर. आपण नाही म्हटलं म्हणून ती जात नाही."

"माझी सही आहे त्याखाली!" त्यांनी शालीतून हात काढून वहीवर आपटला. "शहाऐंशी वर्षांचा झालो. लोक मला रस्त्यात हात जोडतात ते कशासाठी? त्या एका ओळीसाठी. स्वतः पाहून. तू मला खोटा पाडणार."

"तुम्ही माझ्यावर विसंबून सही केलीत. तसंच लिहिणार आहे मी. दोष माझा आहे."

"विसंबून सही करणाऱ्याचा दोष नसतो होय? कुणी शिकवलं तुला हे? मी?" ते उठायला गेले, उठता आलं नाही. "जा तू. लिही काय लिहायचं ते. आणि पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

ती उठली. पाया पडावं की नाही तिला कळेना, तशीच दाराशी आली. सून मागून आली, कुजबुजली, "रागावतात हो असेच, मनावर घेऊ नका," पण तिचाही चेहरा उतरला होता. चार मजले उतरताना तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग जास्त होता, याचं तिला नवल वाटलं. एकतीस वर्षं ज्या माणसासमोर आपण मान वर करून बोललो नाही त्याचा राग! ज्यानं शिकवलं त्यानंच म्हणावं, गप्प बस? खाली येऊन ती भिंतीला टेकून थोडा वेळ उभी राहिली. मग पदरानं तोंड पुसलं. आता सरांचीही सोबत नव्हती, म्हणजे एकटीनंच करायचं होतं, आणि एकटीनं करायचं म्हटल्यावर ते उलट सोपं वाटायला लागलं.

घरी नवरा दिव्याखाली कवळी घासत बसला होता. दातांच्या डॉक्टरांसाठी तो कवळ्या बनवायचा. आयुष्यभर लोकांच्या तोंडाचे साचे त्याच्या टेबलावर हसत पडलेले असत. तिनं त्यालाही सगळं सांगितलं. शिडीपाशी आल्यावर त्याचा हात थांबला.

"मला कधी बोलली नाहीस."

"स्वतःशीच बोलले नव्हते, तुम्हाला काय सांगू?"

त्यानं कवळी उजेडात धरून पाहिली. "माझी चूक झाली की माणूस दुसऱ्या दिवशी येऊन सांगतो, अहो, टोचतंय. तुमच्या धंद्यात तीस वर्षं कुणाला टोचतच नाही. वाईट धंदा." मग म्हणाला, "सात महिने राहिलेत, वगैरे मी म्हणणार नाही. तू ठरवूनच आलीयस. मला विचारतेस कशाला?"

"विचारत नाहीये. सांगतेय."

"मग जेव आधी. डबा कुठाय?"

सकाळी नऊ वाजता ती ऑफिसात होती. साहेब आले तेव्हा कागद लिहून तयार होता, त्याच वळणदार अक्षरात. नोंद क्रमांक एकशे अठ्ठ्याऐंशीची दर्शनी भिंत मी पाहिली नाही. ती पत्र्यांनी झाकलेली होती. 'शिल्पकाम नाही' असं मी राखणदाराच्या सांगण्यावरून लिहिलं. शेजारी शिडी होती. मी चढले नाही. मोठ्या सरांनी माझ्यावर विश्वास ठेवून खातरजमेची सही केली. ही नोंद खोटी आहे. खाली नाव, सही, तारीख.

साहेबांनी कागद वाचला, कपाळावर हात फिरवला. "मॅडम, निदान हे शिडीचं काढा. 'त्या वेळी शिडी उपलब्ध नव्हती' असं करू. चौकशीत बरं पडेल तुम्हाला."

"होती."

"कोण विचारायला येणार आहे? दुकानदार मेला असेल."

"शिडी होती साहेब. रंगाचे ओघळ होते तिच्यावर, हिरवे. मला आता नवीन काही खोटं लिहायला सांगू नका, जुन्यानंच जीव गेलाय."

साहेबांनी पेन काढलं. काम थांबवण्याचा आदेश पावणेअकराला निघाला. तिनं तो शिपायाकडं दिला नाही, स्वतः घेऊन गेली. मुकादमानं वाचला, शिव्या घातल्या, त्या तिला नव्हत्या, एकूण नशिबाला होत्या. मग माणसांना हाका मारून खाली उतरवलं. त्यानंतर तो तिच्याशेजारी येऊन उभा राहिला आणि दोघं वर बघत राहिले. "तो एक जण जांभई देतोय," मुकादम म्हणाला, "काल माझ्या लक्षातच आलं नव्हतं." तिनं मोजपट्टी काढली, दोन माणसांना शिडी धरायला सांगितली आणि सत्तावन्नाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, पायरी पायरी चढून अकराही जणांची उंची, रुंदी, खोली मोजली. जांभई देणाऱ्याच्या तोंडात चिमणीचं जुनं घरटं निघालं. तेही तिनं लिहिलं.

साहेब म्हणाले होते तसंच झालं. चार दिवसांत वर्तमानपत्रांत आलं, 'वारसा नोंदवही खोटी', वर तिचा फोटो, कुठल्याशा समारंभातला, हसरा. ऑफिसात ती आली की बोलणी थांबायची. मार्केटच्या मालकानं अर्ज टाकला, मग आणखी दोघांनी. लंबूचा दुसऱ्या शहरातून फोन आला, म्हणाला, "पहिल्या पानावरचं पहिलं नाव तुझंच राहू दे गं बाई, मला नको," आणि दोघंही हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. सरांकडून काहीच नाही. रोज संध्याकाळी तिचे पाय त्या रस्त्याला वळायला बघायचे आणि ती त्यांना मागे ओढायची.

बाराव्या दिवशी पालिकेत सुनावणी झाली. मालकांचा वकील सभ्य होता, बारीक आवाजात बोलणारा. आवाज चढवणाऱ्यांना ती एकतीस वर्षं पुरून उरली होती. याचं मात्र तिला भय वाटलं. "बाई, आपल्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे," तो म्हणाला. "मला एवढंच सांगा. बाकीच्या तीनशे अकरा नोंदी पाहून केल्यात, असं आपण आज शपथेवर सांगू शकता?"

सभागृहात पंखे घरघरत होते. साहेब खाली मान घालून कागदावर रेघा मारत होते. हो म्हणावं, असं सगळ्या खोलीला वाटत होतं. तिलाही वाटत होतं. स्वतःच्या बाकी नोंदींबद्दल तिची खात्री होती. पण लंबूच्या? त्या दुसऱ्या तिघांच्या, ज्यांतले दोघं आता हयात नाहीत? तिनं त्यांच्या मागून जाऊन पाहिलं होतं का?

"नाही," ती म्हणाली. वकिलाच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं, ते पुरं व्हायच्या आत ती पुढं बोलली. "सांगू शकत नाही. म्हणून मी पुन्हा पाहणार आहे. तीनशे अकरा. सात महिने आहेत माझे, नंतर बिनपगारी येईन. सुट्टीच्या दिवशीही जाईन. प्रत्येक भिंतीला हात लावीन आणि मग सही करीन. तोवर एकाही इमारतीची वीट हलवू नये, अशी माझी विनंती आहे. तुम्हाला शंका असेल तर तुमचा माणूस माझ्याबरोबर पाठवा. त्याला चालवेल ना तेवढं?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी शेजारच्यांशी कुजबुज केली, आणखी कुजबुज केली, आणि फेरपाहणी पूर्ण होईपर्यंत सगळं आहे तसं ठेवावं असा निकाल दिला. फेरपाहणी तिनं एकटीनं करायची, वर कुणी खातरजमा करणारा नेमायचा की नाही ते मागाहून ठरेल. बाहेर येताना साहेब म्हणाले, "मॅडम, तीनशे अकरा?" ती म्हणाली, "रोज दोन. पावसात एक." पाय दुखत होते. उद्या कुठून सुरुवात करायची, याचा तिला खरोखर पत्ता नव्हता.

घरी येऊन ती चपला काढत होती तेवढ्यात फोन वाजला. सरांच्या सुनेचा आवाज होता, "ताई, सुनावणीचं कळलं, बाबांना बोलायचंय," आणि मग फोन हातातून हातात गेल्याची खरखर. ती उभीच राहिली, एक चप्पल पायात.

"वही आहे समोर?" सरांनी विचारलं.

"पिशवीत आहे सर."

"काढ. पेन घे."

ती खाली बसली, जमिनीवरच. नवऱ्यानं टेबलावरून पेन दिलं.

"लिही. सत्तावीस. एकतीस. चौपन्न. चौपन्नचा मागचा चौक, पुढचं ठीक आहे. अठ्ठ्याऐंशी. शंभर आणि त्यापुढचा."

"हे काय आहे सर?"

"तिथं मी गेलो नव्हतो," सर म्हणाले. "सही केली, गेलो नाही. कधी थकलो होतो, कधी लंबूवर विसंबलो, एकदा तर नुसतं ऊन होतं म्हणून. आधी तिथं जा. मग बाकीचं. लिहितेस ना? एकशे सव्वीस. एकशे चाळीस."

फोनमधून कागद चाळल्याचा आवाज येत नव्हता. वही त्यांच्यापुढं नव्हतीच. ते तोंडपाठ सांगत होते. एकतीस वर्षं ते आकडे त्यांच्याबरोबर उठले-बसले होते, लोकांनी रस्त्यात हात जोडले तेव्हाही. ती लिहीत गेली, डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून वही लांब धरून. एकोणीस आकडे झाले, ते एकदाही अडखळले नाहीत. मग त्यांनी सुनेकडं पाणी मागितलं, घोट घेतल्याचा आवाज आला, आणि सर म्हणाले, "पुढचा घे."